बरकतपुऱ्यातलं बेट

बरकतपुरा, हैदराबाद
बुधवार

तीर्थस्वरूप दादांना पद्मावतीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय ते कळवा, आणि वहिनींना सांगा की ज्वारी पोचली. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण तुम्ही मला पहिल्याच वाक्याला अडवता. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

दादा, मी परदेशात नोकरीला चालले आहे. (वहिनी, त्यांना पाणी द्या आणि मग पुढचं वाचू द्या.)

गेली तेवीस वर्षं मी काचीगुड्याच्या डायलिसिस सेंटरवर टेक्निशियन आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही गावात मात्र 'बहीण दवाखान्यात असते' एवढंच सांगता आणि लोक मला आजारी समजतात. तर गेल्या महिन्यात आमच्या नव्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "आंटी, नयी मशीनां आरैं. आपकू काय्कू टेन्शन? काउंटर पे बैठ जाव." म्हणजे नवी मशीनं येताहेत, तुम्ही आता पावत्या फाडा. मी मान हलवली, बाहेर आले, आणि घरी पोचेपर्यंत बसमध्येच मोबाईलवरून जिथे जागा दिसली तिथे अर्ज टाकले. त्यातल्या एका बेटाने उत्तर दिलं. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही लगेच नकाशा काढून बसाल, आणि नकाशावर ते माशीने घाण केल्याएवढंच दिसतं.

मुलाखत मोबाईलवरच झाली. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उपचार चालू असताना वीज गेली आणि बॅटरीही बसली तर काय कराल? मी म्हटलं, हाताने पंप फिरवून आधी पेशंटचं रक्त त्याच्या अंगात परत घालीन, घाबरायचं ते नंतर. (हे मी दोनदा केलंय. दोघंही पेशंट त्या दिवशी चालत घरी गेले. त्यातला एक तर माझ्यावर रागावून गेला, की आंटीने चहाला उशीर केला.) बाईंनी तिथल्या तिथे माझी नेमणूक केली. पगार इथल्या तिप्पट, राहायला एक खोली फुकट, जेवण ज्याचं त्याने बघायचं.

घोडं अडलं ते जेवणावर. तिथे नर्स असलेल्या अपर्णाने (मूळची लातूरची, बोलायला मोकळी) बाजारातले भाव कळवले, ते वाचून हे, म्हणजे तुमचे मेहुणे केशवराव, खुर्चीतून उठून उभेच राहिले. तिकडे बरंचसं बोटीने येतं. टोमॅटो साडेचारशे रुपये किलो, दूध तीनशे रुपये लिटर, कोथिंबिरीची जुडी दीडशेला. स्वस्त काय, तर मासे, नारळ आणि कच्ची केळी. हे म्हणाले, "पगार तिप्पट आणि कोथिंबीर दहापट. हा कुठला शहाणपणा?" मी म्हटलं, करून बघू. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पंधरा दिवसांसाठी बेट चालू केलं.

नियम साधा होता: विकत घ्यायचं इथल्या भावाने, वहीत लिहायचं तिथल्या भावाने. पंधरा दिवसांना पुरायची रक्कम चौथ्या दिवशी संपली. (पहिल्याच दिवशी मी सवयीने खिचडीवर मूठभर कोथिंबीर टाकली, ती एकटीच साठ रुपयांची झाली.) मग काळा चहा आला, आणि दोन्ही वेळेला नारळ, केळी, मासे. हे मुकाट्याने जेवत होते. आठवड्याने मला शंका आली, की नारळावर हा माणूस इतका टवटवीत राहतो कसा? संध्याकाळी फिरायला जात, ते तासाभराने तोंड पुसत परत येत. शेवटी वरच्या मजल्यावरची तन्वी (पुण्याची, कॉम्प्युटरवाली) मला जिन्यात भेटली. म्हणाली, "काकू, काका रोज आमच्याकडे जेवतात, सो आय वॉज वंडरिंग, तुमचं काही डाएट चालू आहे का?" मी तशीच वर गेले. हे टेबलाशी बसून वरण-भात-तूप ओरपत होते, जोडीला टोमॅटोची कोशिंबीर. मला बघून जराही न गडबडता म्हणाले, "शेजारच्या बेटावर आलो होतो."

हसू आलं, पण खाली येऊन ते सगळं जेवण मी वहीत तिथल्या भावाने मांडलं. पंधराव्या दिवशी आकडा स्वच्छ निघाला. मी एकटी तिथे नीट राहू शकते, वर महिन्याला पाच हजार शिल्लक पडतात.

तुम्ही म्हणाल, एक्कावन्नाव्या वर्षी हे कशाला? दादा, नुसत्या आवाजावरून मशीनचं काय दुखतंय ते मला अजून कळतं, आणि मला काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या नाहीत. तिथे मशीन चार आहेत आणि चालवणारा एकच, म्हणून ज्यांना आठवड्यातून तीनदा बसवायला हवं त्यांना दोनदाच बसवतात. मी गेले की तीनदा बसवीन. करारावर सही केली आहे. विमान पुढच्या महिन्यात आहे. रागवायचं असेल तर त्याआधी रागवून घ्या.

तुमची धाकटी,
पद्मावती

ता. क. : एकटीचं भागतं, पण ह्यांचं वरण-भात-तूप तिथल्या भावाने धरलं की दोघांचं भागत नाही. तेव्हा दोन वर्षं ह्यांना तुमच्याकडे देगलूरला ठेवून घ्याल का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं. मागची खोली रिकामी करून ठेवा. त्यांना सकाळी पेपर लागतो, आणि झोपेत राजकारणावर बोलतात, त्याला उत्तर देऊ नका. हे देगलूरचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २ : माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पत्ता लिहायला ह्यांच्याकडे दिलं, तर ह्यांनी आतलं सगळं वाचलं. आणि चपला घालून बाहेर पडले. दोन तास पत्ता नाही, मी चारदा फाटकापर्यंत जाऊन आले. आत्ता आबिड्सच्या बाजारातून परत आलेत, हातात पोहायची निळी चड्डी. "बेटावर राहायचं म्हणजे पोहता यायला हवं," म्हणाले. "सोमवारपासून शिकवणी लावली आहे." पण भागवायचं कसं, विचारलं, तर म्हणाले, "ते तू बघ, वही तुझी आहे."

तेव्हा खोली रिकामी करू नका. पत्र तरीही पाठवते आहे, पाकिटाला तिकीट लावून झालंय.