बारा दिवस चुकवलेलं इंजेक्शन

कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. विमला हिस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅन्सरची गाठ स्तनासकट काढून महिना झाला. पदर नीट राहत नाही, एवढं सोडलं तर गाठीबाबत डॉक्टर खूश आहेत. वेळेत आलात, काखेतही पसरलेलं नाही, म्हणाले. पण जखम भरेना, पू धरला. काल त्यांनी रक्त तपासलं आणि माझ्यावरच ओरडले, आठ वर्षांचा मधुमेह लपवलात कशाला म्हणून.

मी तुझ्या दाजींकडे बघतच राहिले. भरती होताना सगळं त्यांनीच सांगितलं होतं. दवाखान्यात बारा दिवस सुया टोचत होते, त्यातच माझं इन्सुलिन असेल असं मी धरून चालले. घरी आल्यावर त्यांनी कबूल केलं. दुसरा आजार नाही असं लिहून दिलं आणि तपासणीच्या बाटलीत लघवी स्वतःची भरली! का, तर शालनचं लग्न इचलकरंजीत जमतंय. आईची साखर मुलीत उतरते असं कुणी तिकडं पोचवलं तर मोडेल. कॅन्सरलाही 'साधी गाठ' म्हणून सांगितलंय.

विमला, मी हे गिळणार नाही. सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आक्का

*

जयसिंगपूर,
ता. १२ फेब्रुवारी १९७६

ती. सौ. आक्कास,
विमलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातल्या लाटण्यासकट एस.टी. धरावी असं वाटलं. आपला भाऊ वसंत आडवा आला म्हणून थांबले. खोटं बोललं म्हणून पोरांना छड्या मारतात ना आमचे दाजी, नृसिंह मास्तर? त्यांच्या शाळेच्या फाटकात उभी राहून बाटलीची गोष्ट सांगते, मग बघू वर्गात कसे जातात ते!

तू मात्र गाईचा स्वभाव आता पुरे कर. जिना चढताना छातीत धडधडतं म्हणाली होतीस, ते डॉक्टरांना सांगितलंस का? की तेही दाजींना विचारूनच सांगणार? जखमेचं ताबडतोब कळव. काळजीनं घास उतरत नाही.

तुझी धाकटी,
विमला

*

कोल्हापूर,
ता. ३ मार्च १९७६

चि. सौ. विमला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

जखम भरत आली. धडधडीचं सांगितलं, तर डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली. तेही कमकुवत झालंय. स्पष्टच म्हणाले, गाठीची मला भीती नाही, साखर आणि हृदय तुम्हाला किती जगू देतात ते बघायचं. दोन वर्षं म्हणा, दहा म्हणा.

रविवारी साखरपुडा झाला. पानं मांडायच्या आधी मी सिरिंज उकळली, ताटलीत घेऊन बैठकीत आले आणि सगळ्यांदेखत ह्यांच्यासमोर दंड उघडा करून बसले. आठ वर्षांची साखर आहे, ह्यांनी डॉक्टरांपासून लपवली, तुमच्यापासून मी लपवणार नाही, म्हटलं. कॅन्सरचंही सांगून टाकलं. ह्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. इतकं बरं वाटलं मला, देवाशप्पथ!

आणि विहीणबाईंनी काय करावं? मलाबी हाय की वो साखर, बारा वर्सं झाली, त्यात काय लपवायचं, म्हणून सिरिंज घेतली आणि त्यांनीच मला टोचलं. लग्न ठरल्याप्रमाणे आहे. सगळे हसले. हेही हसले! ते बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. ह्यांनी तिकडं एका शब्दानं विचारलं असतं तर कळलं असतं. त्या बारा दिवसांत माझी किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

उरलीत ती ह्यांच्या घरात काढायची नाहीत. लेकीसाठी कन्यादानाला शेजारी बसेन. अक्षता पडल्या की वसंताला मला न्यायला पाठव, ट्रंक भरून ठेवलीय. बायको कुठं गेली म्हणून लोक विचारतील, काय सांगू, असं हे रडवेले होऊन विचारत होते. मेली म्हणून सांगा, म्हटलं, तुम्ही तेवढी व्यवस्था केलीच होती.

माया असू दे.

तुझी,
आक्का