जाड शिवण

प्रिय वन्सं,

फोनवर तुम्ही विचारता, मी "बघू" म्हणते, आणि तुम्ही "बघू म्हणजे काय गं, कधी बघणार?" म्हणून रागावता. तुमचं रागावणं बरोबर आहे. हे गेल्यापासून तुम्ही माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीत, बेकरीवाला आमचं शिवणाचं दुकान घ्यायला तयार आहे, तुमचे यजमान टेम्पो सांगायला निघालेत, आणि काही न बोलणारी एकटी मीच. समोरचं माणूस उत्तरासाठी थांबलं की मला शब्द सुचत नाहीत, हे तुम्ही जाणता. म्हणून आज दुकान जरा लवकर बंद केलं आणि कटिंगच्या टेबलावरच लिहायला बसले आहे.

माझं बरं चाललंय. शटर अजूनही अर्ध्यात अडकतं. हे त्याच्या डाव्या कोपऱ्यात लाथ घालायचे आणि भर रस्त्यात हे काय, म्हणून मी ओरडायचे. आता मीच घालते. समोरचा चावीवाला परवा म्हणाला, "काकू, तुमचा नेम काकांपेक्षा बरा आहे." सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी टेबलावर ऊन येतं, तिथे चहा घेऊन बसते. पेपर अख्खा वाचायला मिळतो. पूर्वी मी हात पुसून येईपर्यंत ह्यांनी नमुन्यासाठी मधल्या पानाची बाही कापून ठेवलेली असायची. इतक्या वर्षांनी पेपर सलग वाचते आहे, तर कळलं की माझं फारसं काही वाचायचं राहिलेलं नव्हतं.

ह्यांच्या जागी कापायला एक मास्तर ठेवले आहेत, शिवते मीच. वयाने माझ्याएवढे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी. हात साफ आहे. तरी ते आल्यापासून तक्रारी सुरू झाल्या. शाळेतल्या बाईंचा कोट खांद्यात आवळला. पोस्टमनची पँट कमरेला बसेना. तो भर दुकानात म्हणाला, "काकू, मी सुटलोय की तुम्ही कापड मारताय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर मी मास्तरांवर घसरले. त्यांनी पँट उलटी केली, माझ्या शिवणीला टेप लावली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दुप्पट कापड आत घेता." मी म्हटलं, मी इतकी वर्षं अशीच शिवते आणि आमच्या दुकानाचा कपडा कधी कुणाला आवळलेला नाही. ते म्हणाले, "मग कापणाऱ्याला ठाऊक असणार."

ह्यांनी कापून ठेवलेले काही गठ्ठे फळीवर तसेच होते. मला त्यांना हात लावणं जमलं नव्हतं. मास्तरांनी विचारून एक सोडला आणि एकेक तुकडा मापाला लावत गेले. सगळे मोठे. माझ्या जाड शिवणीत जेवढं कापड जातं, बरोब्बर तेवढेच मोठे.

तुम्हाला आठवत असेल, मी नवीनच दुकानात बसायला लागले होते तेव्हा ह्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "शिवण जरा बारीक घे." गिऱ्हाइकासमोर सांगितलं, म्हणून मी मशीन तसंच टाकून तडक तुमच्याकडे आले. तुम्ही मला जेवायला वाढलंत, ह्यांना बोलावून घेतलंत आणि दारातच असं झापलंत, की बिचारे चप्पल काढायचे विसरले. त्यानंतर ह्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटलं, माझी शिवण सुधारली. पुढे शिकायला मुली यायच्या, त्यांना मी शिवण कशी घ्यावी यावर लांबलचक ऐकवायचे. हे शेजारीच खडूला टोक काढत बसलेले असायचे. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मास्तरांसमोर मला हसू आलं. तेही हसले. पण घरी आल्यावर भांडी घासताना असा राग आला, की कढईचं बूड लख्ख झालं. जन्मभर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, आणि ह्या माणसाने मला एका शब्दाने सांगू नये? मुलींसमोर माझं हसं होत होतं, ते मजेत बघत बसले! खालच्या शेजारणीला हे सांगायला गेले, तर तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "केवढा देवमाणूस हो!" मी वर निघून आले. वन्सं, गेल्यापासून हे फारच गुणी झाले आहेत. त्यांच्याविरुद्ध कुणी मला चकार शब्द काढू देत नाही. थंड झालेला चहा मशीनच्या फळीवर विसरणारा, कात्री कापडाखाली ठेवून मलाच शोधायला लावणारा माणूस कुणाला आठवतच नाही.

तेव्हा उत्तर असं, की मी येत नाही. दुकानही देत नाही. बेकरीवाल्याला उद्या मीच सांगेन. मास्तर मला बारीक शिवण शिकवताहेत, चुकली की उसवायला लावतात. ह्या वयात जमेल की नाही माहीत नाही, पण पोस्टमनची दुसरी पँट बसली. खोलीवर खर्च केलात, त्याचं वाईट वाटतं. पण हे पत्र नुसतं "नाही" म्हणायला लिहिलेलं नाही. फोनवर तुम्हीसुद्धा हल्ली त्यांचं फक्त चांगलंच बोलता, आणि मग दोघी गप्प होतो. ती खोली तुम्ही माझ्यासाठी रंगवलीत, तशी स्वतःसाठीही, असं मला वाटतं. घरात तुमच्या भावाला ओळखणारं कुणी हवं असेल. मलाही तेच हवं आहे. म्हणून तुम्ही इकडे या, चांगल्या महिनाभरासाठी. माझं सांत्वन करायला येऊ नका, त्याला इथे माणसं पुष्कळ आहेत. मला तुमच्या भावाची तक्रार करायची आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाकडे करता येत नाही. तुम्ही खुशाल त्यांची बाजू घ्या. मी ऐकून घेणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, शनिवारीच निघा.

तुमचीच,
भावजय