दादांचं घर रिकामं नाही

तीर्थस्वरूप फिलियासदादांस, धाकट्या ऑरेलचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालता येतो). तिकडे फ्लोरिडात लेकीकडे तुमची तब्येत छान असेल. सबंध हिवाळा अनवाणी फिरलात असं कळलं. आपल्या मेनच्या बर्फात वाढलेल्या माणसाला शोभतं का हे? इकडे मी मजेत आहे. बोलायला कोणी नाही एवढंच, पण त्याने घसा चांगला राहतो.

पत्रास कारण अस्वलाच्या आमिषाचं पिंप. तुमच्या घरामागच्या झुडपांत आपण दोघं दरवर्षी शिकारीसाठी ठेवायचो, तिथेच मी यंदाही ठेवलं. बेकरीतले शिळे डोनट आणि वर काकवी. (डोनट तसे फार शिळे नव्हते. अस्वलाची वाट बघताना निम्मे मीच संपवले. अस्वलाची काही तक्रार दिसली नाही. येतं, माझ्याकडे बघतं, खातं, जातं. बंदूक मी हल्ली नेतच नाही, उगाच वजन होतं.) नियमाप्रमाणे पिंपावर माझं नाव-पत्ता रंगवलाय. गावात माझं नाव आता तेवढ्या एकाच ठिकाणी वाचायला मिळतं.

तर शिकारखात्याची डेल्फिन आली, आपल्या ओनेझिमची नात. तिने सगळं मोजलं. रस्त्यापासून ठीक, पायवाटेपासून ठीक, पण तुमच्या घराला फार जवळ. माणसं राहतात त्या घराजवळ आमिष चालत नाही. पोरगी गुणाची. म्हणाली, "काका, ते घर रिकामंच आहे ना? रिकामं घर आम्ही धरत नाही. नुसतं हो म्हणा, मी निघते."

दादा, नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं, "रिकामं कसं? आमचे दादा राहतात तिथे."

तिने खिडकीपर्यंत वाढलेलं गवत पाहिलं. "कुठायत?"

"लेकीकडे गेलेत. येतीलच."

"काका, दोन वर्षं झाली."

"मग यायची वेळ झालीच की."

झालं. पिंप हलवणं आलं. एकट्याने चढावर ढकलताना (तुम्ही असता तर नुसते शिव्या देत उभे राहिला असता, पण तेवढ्याने जोर येतो) ते हातातून सुटलं आणि गडगडत ओढ्यात गेलं. डोनट पाण्यात, मी काकवीत. तुमचं घर जवळ म्हणून कपडे धुऊन वाळवायला तिथली शेगडी पेटवली, तर वास काढत अस्वल ओसरीवर हजर. तासभर आम्ही काचेतून एकमेकांकडे बघत बसलो. फार दिवसांनी त्या घरी कोणी आलं होतं, म्हणून मीही हाकललं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमची शेगडी पेटवतो. डेल्फिनला धूर दिसायला हवा, दुसरं काही नाही. लेकीला आशीर्वाद सांगा.

तुमचा,
ऑरेल

ता. क. पिंप आता दलदलीपलीकडे आहे. तिथे अस्वल काय, माशीसुद्धा फिरकत नाही. पानगळ सुरू झाली की डेल्फिन पुन्हा विचारायला येणार आहे. तुमचं यायचं नसेल तर 'घर रिकामं आहे' असं स्वच्छ लिहून पाठवा, म्हणजे तिला दाखवून मी पिंप परत जुन्या जागी आणतो.

आणखी एक ता. क. ते लिहू नका. गवत कापलंय, लाकडं फोडून ठेवलीत. पिंप आहे तिथे बरं आहे.