कडेला कड

१ सप्टेंबर
दुधाच्या ट्रकमधून कामावर सुखरूप पोचलो. अक्रोडाची झाडं, अंगणात गरम पाण्याचा झरा, आठ स्वच्छ खोल्या. उल्कान आपांनी दारातच नान आणि साय पुढे केली. घर त्याच चालवतात. खालच्या गावांतले लोक जखमा घेऊन त्यांच्याकडे येतात. माझी शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखन चोख म्हणून जखमांची वही माझ्याकडे आली. रोज सकाळी जखमेवर पारदर्शक कागद ठेवायचा, कडेची रेघ काढायची, खाली तारीख घालायची.
बहिणीला, बुरुलला, इथेच आणायचं. वसंतात कणकेचे बोरसोक तळताना तिच्या तळहातावर उकळतं तेल सांडलं. जखम अजून भरत नाही.

५ सप्टेंबर
जोल्दोश आके मेंढपाळ आहेत. लांडग्यासाठी लावलेल्या सापळ्यात त्यांचा स्वतःचाच पाय सापडला. माझी रेघ बघून म्हणाले, लेका, पायाचा नकाशा काढतोयस, उद्या त्यावर सीमेची चौकी बसवशील!
आपांनी समजावलं. जखमेत आधी लाल, दाणेदार मांस भरतं. मग कडेची कातडी त्यावरून सरकत येते, दिवसाला राईच्या दाण्याएवढी. समोरची कड भेटली की थांबते. जोल्दोश आके म्हणाले, म्हणजे माझ्या मेव्हण्यापेक्षा शहाणी म्हणायची, त्याला थांबायचं कधी कळलंच नाही.
उघडी जखम असलेल्या बोटांमध्ये कापडाची पट्टी ठेवायची, हे आपांनी तीनदा बजावलं. मांसाला मांस लागलं की ते आपलं-परकं बघत नाही, म्हणाल्या.

८ सप्टेंबर
तीन दिवसांत रेघ बोटभर आत आली. चुकलो असेन म्हणून दोनदा मोजलं. चूक नाही. आपा एकाच गुहेतलं काळं, कडवट शिलाजीत लोण्यात कालवून नानवर देतात, त्याचाच गुण.
आजच्या ट्रकबरोबर बुरुलला पत्र धाडलं. बावीस तारखेच्या ट्रकने ये. आणि आपांनी पुढे केलेला नान नाकारू नकोस, माणसं मनाला लावून घेतात.

१३ सप्टेंबर
जोल्दोश आकेंची जखम भरली. पण पट्टी निसटली होती, शेवटची दोन बोटं जुळली आहेत. मधे वणसुद्धा नाही. ते म्हणाले, बरं झालं, म्हातारीला मोजा विणायला सोपा.
नखांवरही कातडी आली आहे. तिथे जखम नव्हती.

१६ सप्टेंबर
हाक मारली तर आके वळले नाहीत. केस बाजूला करून पाहिलं. दोन्ही कानांची भोकं बुजली आहेत. गुळगुळीत.
आपा चहा ओतत होत्या. म्हणाल्या, लेकरा, कुठली फट जखमेची आणि कुठली देवाने दिलेली, हे कातडीला काय कळतं? मिटवणं एवढंच तिला ठाऊक.
ट्रक कालच गेला. पुढचा येईल तो बुरुलला घेऊनच. तिला वाटेत गाठायला हवं.

१७ सप्टेंबर
पहाटे निघालो. उंबऱ्यावर आपा नान घेऊन उभ्या. तोंडाला नान लावल्याशिवाय घराबाहेर कोण पाऊल टाकतं? भांडून निघालेला जावईसुद्धा नाही. निरखून पाहिलं, नान कोरा दिसला. नखाएवढा तुकडा मोडला.
वळणावर जिभेला कडवट लागलं —

१९ सप्टेंबर
ओठ चिकटले होते. चाकूने सोडवले. दुपारपर्यंत पुन्हा —
बुटात पायाची बोटं एक झाली आहेत. पुलापर्यंत पोचलो. पुढे चालवत नाही. ट्रक इथूनच जाईल.

२१ सप्टेंबर
आता तोंड नाही. जिथे होतं तिथे हात फिरवतो. डावा डोळा गेला. नाकाने श्वास —
उजव्या हाताला पेन चिकटलं आहे. बरंच झालं. लिहून दाखवेन. परत जा. परत जा. शंभरदा लिहिलं, ते पान हातात धरून बसेन.

२२ सप्टेंबर
ट्रक थांबला. पान वाऱ्याने नदीत —
बुरुलने मला ओळखलं, कोटावरून. रडते आहे. ड्रायव्हरने उचलून मागे घातलं. म्हणाला, रडू नकोस पोरी, भावाला आपांकडेच नेऊ, तिथून मेलेलासुद्धा उठून नाचत जातो.
ट्रक वर चढतो आहे. वही मांडीवर. लिहितो, ती वाचत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघते आहे —
म्हणते, दादा, बघ, माझा अजून तसाच. हाताची पट्टी सोडली तिने. लाल, दाणेदार. ओली.
सकाळी चिकटलेली बोटं सोडवताना चाकूने कापलेला माझा डावा तळवा अजून उघडा —
तिने हात धरला. त्याच हाताने. घट्ट.
ओढतो आहे. ती समजते मी घाबरलोय, आणखी घट्ट —
बुरुल, सोड. हात सो