भरवशाच्या दुकानाचा तक्ता

१ फेब्रुवारी, रविवार
बायकोने बोलिंग अ‍ॅलीच्या जोडी स्पर्धेत आमचं नाव घातलं. पंधरा मार्चला. म्हणाली, एकोणीस वर्षांत आपण दोघांनी मिळून काय केलं असेल तर घराचं रंगकाम, आणि तेही एकच भिंत. आता दर बुधवारी संध्याकाळी दोन तास सरावाला जाऊ. मनापासून बरं वाटलं. माझ्यातली गुणवत्ता तिने हेरली असणार. जड बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या. यात न जमण्यासारखं काय आहे?
संकल्प: एकही बुधवार चुकवायचा नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
पहिला सराव. वीसपैकी तेरा बॉल लेनच्या कडेच्या पन्हाळीत, म्हणजे गटरमध्ये. कारण उघड आहे. अ‍ॅलीचे बॉल सार्वजनिक, त्यांची भोकं कोणाच्याही बोटांची. बायकोचे गटरमध्ये कमी गेले, पण ती काही विचार न करता टाकते.
स्वतःचा बॉल हवा. प्रो शॉप नावाचं दुकान असतं, तिथे हाताचं माप घेऊन बॉलला भोकं पाडून देतात. मात्र माणूस भरवशाचा हवा. नवखा दिसला की हे लोक टोपी घालतात. म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. पाच निकष: ऐकून घेणे, वेळ देणे, शब्द पाळणे, कौतुक करणे, बसायला खुर्ची. प्रत्येकी दहा गुण. बायकोने तक्ता नीट वाचला. निकष चांगले आहेत म्हणाली.

७ फेब्रुवारी, शनिवार
दुकान पहिलं. अ‍ॅलीतच, बुटांच्या काउंटरमागे. चष्मेवाल्या बाई, कोपरापर्यंत पांढरी धूळ. खुर्ची नाही. बॉल मागितला तर म्हणाल्या, आधी टाकून दाखवा. दाखवला. त्यांनी माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, इतक्यात बॉल घेऊ नका. महिनाभर इथलाच हलका टाका, हात बसू दे, मग माप घेऊ.
गिऱ्हाईक दारात उभं आणि विकायचं नाही? कुठेतरी पाणी मुरतंय. पन्नासपैकी अकरा.

११ फेब्रुवारी, बुधवार
बायको म्हणाली, चल. तिला समजावलं की परक्या बॉलने सराव केला तर हाताला चुकीचं वळण लागेल. जोडीला कोणीतरी हवं म्हणून ती आईला घेऊन गेली. माझी आई, वय सत्तर, गुडघे कुरकुरतात. हसू आलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
दुकान दुसरं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. ब्रेसलेटवाला मालक. दारातच सर म्हणाला. गुबगुबीत, फिरणारी खुर्ची. माझं मनगट हातात धरून वर-खाली तोलून पाहिलं. मग म्हणाला, सर, हे शिकून येत नाही. टाकून दाखवा वगैरे भानगड नाही. जाणकाराला लागत नाही.
माप घेताना हात सैल सोडा म्हणाला. मी पंजा होता तेवढा ताणला. नोंद व्हायचीच तर मोठी व्हावी. वजन बारा पौंड की सोळा, असं त्याने ज्या नजरेने विचारलं, त्या नजरेला बारा सांगणं शक्य नव्हतं. अंगठ्याचं भोक? घट्ट, म्हटलं. निसटता कामा नये.
पन्नासपैकी पन्नास. बॉल आठ दिवसांत.

१८ फेब्रुवारी, बुधवार
चष्मेवाल्या बाई म्हणे आईला उभं कसं राहायचं ते शिकवतात आणि पिन पडली की टाळ्या वाजवतात. काही न घेता. जाळं असंच टाकतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार
आठाचे अकरा दिवस झाले. ब्रेसलेटवाला फोन उचलत नाही. खरा कारागीर असाच असतो. आई पाय फाकवून दोन्ही हातांनी बॉल ढकलते. तो इतका सावकाश जातो की पिना कंटाळून पडतात, असं बायको सांगत होती. याला खेळ म्हणत नाहीत.

४ मार्च, बुधवार
बॉल आला! निळा, आत चकाकी. उचलताना कमरेत कट् झालं. बायको तयार होऊन दारात उभी होती. मला वाटलं, आज बॉलला घराची सवय होऊ द्यावी. ती पर्स उचलून निघाली. आई आधीच खाली उतरली होती.

११ मार्च, बुधवार
गेलो. पहिल्या दोन फेकी गटरमध्ये, पण काय वेगाने! तिसऱ्या फेकीला बॉल सुटला नाही. मी सुटलो. बॉलसकट, लेनवर, पोटावर, अंदाजे सहा फूट. अंगठा आतच.
चष्मेवाल्या बाई साबणाचं पाणी घेऊन आल्या आणि वीस मिनिटं माझ्याशेजारी जमिनीवर बसून होत्या. भोकांवरून बोट फिरवून म्हणाल्या, पंजा ताणला होता ना? आणि टाकता टाकता अंगठा फुगतो, हे कोणी सांगितलं नाही? म्हटलं, त्यांनी माझं व्यवस्थित माप घेतलं होतं. बाई म्हणाल्या, घेतलं नाही हो, काढलं. बायको तोंड फिरवून हसली. आई तोंड न फिरवता हसली.
डॉक्टरांनी अंगठा तीन आठवड्यांसाठी बांधून टाकलाय.

१५ मार्च, रविवार
स्पर्धा. माझ्या जागी आई. नऊ जोड्यांत सासू-सून चौथ्या. मी बाकावर, दोन पर्स आणि आईचा चष्मा सांभाळत. शेवटची पिन पडली तशा दोघी एकमेकींचे हात धरून नाचल्या. तिथे मी असायला हवा होतो. फार वाईट वाटलं.
परत येताना बायकोला म्हटलं, बॉल धड असता तर आपण दोघं पहिले आलो असतो. ती म्हणाली, मला नंबर नको होता रे. बुधवार हवे होते.

१६ मार्च, सोमवार, सकाळी
फ्रिजवरचा तक्ता काढायला गेलो. ब्रेसलेटवाल्याच्या खाली बायकोच्या अक्षरात नवी ओळ. दुकानाच्या रकान्यात लिहिलंय, नवरा. ऐकून घेणे दोन. वेळ देणे शून्य. शब्द पाळणे शून्य. कौतुक करणे एक. खुर्ची दहा. एकूण तेरा.
म्हणजे चष्मेवाल्या बाईंपेक्षा दोन जास्त. मग दिसलं, बाईंचे अकरा खोडून तिने चाळीस केलेत. फक्त खुर्चीचे दिले नाहीत.
बेरजेत ती पहिल्यापासून कच्ची आहे. दोन्ही ओळी पुन्हा मांडून तपासल्या. बरोबर आहेत.