उमेदवार आमच्या घरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

उमेदवार आमच्या घरी येणार! येत्या रविवारी. कॅमेऱ्यासकट!

झालं असं — प्रचाराचं काम बघणाऱ्या एक बाई आमच्या चष्म्याच्या दुकानात मोडका चष्मा घेऊन आल्या. काडीचा स्क्रू आवळता आवळता मी नेहमीसारखी बडबडत होते. कर आम्ही भरायचे, रांगा आम्ही लावायच्या, पोटाला चिमटा काढून पोरांना शिकवायचं आम्ही, आणि आम्हाला विचारतं कोण? बाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

बोलेन की! का नाही? दिवसभर लक्षच नव्हतं माझं. एका आजोबांना दुसऱ्याच कुणाचा चष्मा बांधून दिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रचारबाई घर बघून गेल्या. मोठा टीव्ही काढा म्हणाल्या — "जरा जास्तच श्रीमंत दिसतो." पुस्तकं पुढे आणा. लेकीच्या बक्षिसाच्या ढाली दिसू देत. सोफा पास!

मी विचारलंच, "पण आम्हीच का? आमची मतं ती किती!"

"मतं थोडीच आहेत हो," त्या हसल्या. "पण खालच्या माणसाला तुमच्यासारखं व्हायचं असतं, आणि वरच्याला तुमच्यासारखं दिसायचं असतं. तुमच्या सोफ्यावर बसलेला माणूस सगळ्यांनाच आपला वाटतो."

राग यायला हवा होता. मला बरं वाटलं.

जाता जाता त्या आतल्या खोलीत डोकावल्या. ताई पलंगावर बसून लेकीशी पत्ते खेळत होत्या. प्लास्टरच्या कडेत पत्ते खोचून ठेवलेले आणि तोंडाने आरडाओरडा. "या कोण?" प्रचारबाईंनी मला विचारलं.

"पाहुण्या," मी म्हणाले.

पाहुण्या! ह्यांची सख्खी थोरली बहीण. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुतात. तिथेच पाय घसरून मनगट मोडलं, म्हणून ह्यांनी आणलंय त्यांना.

"रविवारी त्या नसल्या तर बरं," प्रचारबाई हळूच म्हणाल्या. "लोकांना पटकन कळायला हवं — हे असं घर, ही अशी माणसं."

टीव्ही एका बाजूने बाहेर, ताई दुसऱ्या बाजूने. मधे उरलो आम्ही.

७ फेब्रुवारी, शनिवार

ताईंना सांगायचं कसं? हे म्हणाले, "तूच सांग." आणि पेपरात तोंड खुपसलं.

सांगितलं. म्हटलं, दिवे फार तापतात, गर्दी होईल, तुमच्या हाताला धक्का लागला तर?

"अगं, मी आत बसते की दार लावून. माझं थोबाड बघून कोण मत देणारेय?" स्वतःच खदाखदा हसल्या.

मीही हसले. हसायला नको होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

उमेदवार आले. साधे वाटले. सोफ्यावर बसले, चहा घेतला. "हे सगळं तुमच्यासारख्यांमुळे चाललंय," म्हणाले. "संस्कार, शिक्षण, कष्ट. तुम्ही कुणापुढे हात पसरत नाही आणि कुणाला दुखवत नाही." मी चांगली बोलले. खरंच चांगली. प्रचारबाई कॅमेऱ्यामागून मान डोलवत होत्या.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला.

"आत कुणी आहे का?" उमेदवारांनी विचारलं.

हे काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या आधी बोलले.

"कामाच्या बाई आहेत."

कसं निघालं तोंडातून? अडखळलेसुद्धा नाही मी! सहज निघालं — तेच तर!

"अहो, मग त्यांना कशाला आत ठेवलंय? बोलवा!" आणि ते स्वतःच उठून दारापाशी गेले. कॅमेरा त्यांच्या मागे.

ताई बाहेर आल्या. आता सगळं संपलं असं वाटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग टेबलापाशी वाकल्या आणि डाव्या हाताने कप ट्रेमध्ये ठेवायला लागल्या.

"बाई, नेऊ ना हे?"

मला! इतकी वर्षं मला 'अगं' म्हणणाऱ्या ताई — मला!

उमेदवारांनी त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला. "तुम्ही बसा. माझ्या आईसारख्या तुम्ही." ताईंना सोफ्यावर बसवलं आणि ट्रे स्वतः ओट्यावर नेऊन ठेवला. ह्यांनी मान वर केली नाही. लेक उठून सरळ घराबाहेर गेली.

"सुंदर!" प्रचारबाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर ताईंच्या पायाशीच बसायला हवं होतं मी. बसले नाही. ताईच म्हणाल्या, "तुझं तोंड एवढंसं झालं होतं गं. म्हटलं, सावरून घ्यावं."

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई आपल्या घरी परत गेल्या. "प्लास्टर काढायला तिकडूनच जवळ पडतं." आम्ही कुणीच थांबवलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जाहिरात लागली. माझं बोलणं दोन वाक्यं. बाकी सगळं — उमेदवार आणि ट्रे, उमेदवार आणि ताई. जो तो तेच बघतोय. समोरचा औषधवाला दुकानात येऊन सांगून गेला, "काय नशीब हो त्या बाईचं!"

मी मान हलवली. हो म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेक बोलत नाही. हे बोलतात, पण फक्त भाजी काय आणू, एवढंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

धुलाईघरात जाऊन आले. वाफेने काही दिसत नव्हतं. चादरींच्या ढिगामागून ताईंचंच हसणं आधी ऐकू आलं. प्लास्टर निघालंय, हात अजून सुजलेला. एका हाताने घड्या घालत होत्या.

बरोबरच्या बायकांनी मला ओळखलं. कुजबुज सुरू झाली. एक मोठ्यानेच म्हणाली, "हीच का गं ती?"

"हीच!" ताई म्हणाल्या. "माझी भावजय. सांगितलं नव्हतं का, नाटक होतं ते सगळं! घरातली माणसं नकोत, पात्रं हवीत म्हणाले. मग झाले मी पात्र!"

बायका हसल्या. मला स्टूल दिलं. मी पाठ करून गेले होते — ताई, माझं चुकलं, मला तुमची लाज वाटली. एवढी दोनच वाक्यं. कॅमेऱ्यापुढे कशी घडाघडा बोलले होते! इथे स्टुलावर बसून चादरीची टोकं धरून दिली आणि परत आले.

ताईंनी तिथल्या बायकांमध्ये मला वाचवलं. पुन्हा.

३ मार्च, मंगळवार

प्रचारबाईंचा फोन. नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या भागातून त्यांना उमेदवार म्हणून मी हवी आहे. ह्यांना विचारायच्या आधीच हो म्हणून बसले. मग त्या म्हणाल्या, "पहिल्या सभेला तुमच्या त्या बाईंना आणा. व्यासपीठावर. लोकांना फार आवडल्यात."

त्या माझ्या नणंद आहेत, आत्ताच सांगून टाकावं — मनात आलं. आलं आणि गेलं.

ताईंना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "कोण म्हणून येऊ?"

मी म्हणाले, "त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर आलात, तशाच या."

येते म्हणाल्या.