रंजितापर्यंत न पोचलेला प्रश्न

पीण्या, बेंगळुरू
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस नमस्कार.

आम्ही दोघे भावंडे जेवूनखाऊन आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहितो. हे स्वतः वाच. शेजारच्या गोदूबाईकडून वाचून घेऊ नकोस.

काढ्याची बाटली मिळाली. फिटच्या गोळ्या सोडून काढा घे, असे तू रंजिताला परस्पर सांगितलेस. तिने दोन दिवस गोळी घेतली नाही आणि बुधवारी फिट येऊन मोरीत पडली. कपाळाला तीन टाके. गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, हे मी तुला किती वेळा सांगू?

पाळी येत नाही, हनुवटीवर केस येतात, स्थळ मोडेल, हे तुझे आता मला पाठ झाले आहे. टाके घातले तिथल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिटच्या आजारात, आणि या गोळीमुळेही, बायकांच्या हार्मोनमध्ये असा बिघाड होऊ शकतो. तपासून गोळी हळूहळू बदलता येते. त्यावर तू फोनवर विचारलेस, मग आधीच्या डॉक्टरांनी का नाही सांगितले? मी म्हणालो, लाइन खराब आहे.

लाइन ठीक होती.

ते डॉक्टर कन्नडमध्ये बोलायचे. रंजिताला कन्नड येत नाही, म्हणून मधे मी. दर खेपेला ते विचारायचे, पाळी वेळेवर येते का. मी तिला कधी विचारलेच नाही. परस्पर 'सरी इदे सर', सगळे ठीक आहे, असे सांगून मोकळा व्हायचो. तीन वर्षे. माझ्या वहीत तिची प्रत्येक फिट आहे, तारीख, वेळ, किती मिनिटे. पाळीची एकही तारीख नाही. बहिणीला असले कसे विचारायचे, म्हणून.

या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवले आणि मराठी बोलणाऱ्या, बेळगावच्या एका सिस्टरला आत बोलावले. जुन्या कागदांवर दर खेपेला 'पाळी ठीक' असे लिहिलेले सिस्टरने रंजिताला वाचून दाखवले. येताना बसमध्ये रंजिता म्हणाली, "दादा, ते आधीचे डॉक्टर मला विचारत होते होय? मला वाटायचं, तुझ्या कारखान्याचं काही बोलताय."

शुक्रवारी तपासणी आहे. मी बाहेरच्या बाकावर बसेन. तूही स्थळाला परस्पर होकार कळवू नकोस. आधी तिला फोन कर, आणि ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐक.

हे पत्र तिला वाचून दाखवले. पोस्टात टाकू का, असे विचारले. हो म्हणाली, म्हणून टाकतो आहे.

तुझा,
रत्नाकर